एका विहिरीचं पाणी सहा वावरांत: दहा मेगाहर्ट्‌झचा रेफरन्स घरच्या घरी वाटायचा कसा

सिग्नल जनरेटरवर १४५ मेगाहर्ट्‌झ लावायचे, फ्रिक्वेन्सी काउंटरनं त्यात दोनशे हर्ट्‌झ जास्त दाखवायचे आणि स्पेक्ट्रम ॲनलायझरनं नव्वद कमी. टेबलावर तीन यंत्रं आणि तिघांची तीन मतं, अशा माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. खोटं कुणीच बोलत नसतं. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा क्रिस्टल असतो आणि तो स्वतःच्या वयाप्रमाणे, स्वतःच्या गरमीप्रमाणे थोडासा सरकलेला असतो. दहा लाखांत एक भाग सरकला तरी १४५ मेगाहर्ट्‌झवर १४५ हर्ट्‌झचा फरक पडतो आणि १० गिगाहर्ट्‌झवर तोच फरक १० किलोहर्ट्‌झ होतो.

भजनी मंडळात पेटीवाला आधी पट्टी देतो. पांढरी चार म्हटली की पखवाज तिला लागतो, गाणारे तिलाच धरतात. प्रत्येकानं आपापल्या मनातली पट्टी धरली तर काय होईल ते सांगायला नको. यंत्रांची पट्टी म्हणजे १० मेगाहर्ट्‌झचा रेफरन्स. चांगल्या यंत्राच्या पाठीमागे ‘रेफ इन’ लिहिलेला एक बीएनसी, म्हणजे केबल जोडायचं गोल सॉकेट, असतो. तिथं बाहेरून पट्टी दिली की यंत्र आपला क्रिस्टल बाजूला ठेवतं आणि दिलेल्या सुराला लागतं.

ही पट्टी एकाच जागी तयार करून पाच-सहा यंत्रांना कशी पोचवायची, एवढाच या लेखाचा विषय. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या कारखान्यात टेस्ट बेंच सांभाळणारा मुलगा, नुकतंच व्हीयू३ कॉलसाइन मिळालेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, अशांना समोर ठेवून लिहितोय. सोल्डरिंग येतं आणि ऑसिलोस्कोप हाताळलाय, एवढं धरून चालतो.

आधी विहीर

स्रोत म्हणून आज सगळ्यात सोयीचा जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या शिस्तीत चालणारा ऑसिलेटर. त्यात एक ओसीएक्सओ असतो, म्हणजे छोट्या भट्टीत बसवलेला क्रिस्टल, आणि एक जीपीएस रिसीव्हर त्याला सतत वळणावर ठेवतो. उपग्रहांत अणुघड्याळं आहेत. सेकंदाची व्याख्याच १९६७ पासून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे. त्यामुळे दिवसभराच्या सरासरीत जीपीएसला तोड नाही. पण एका सेकंदाच्या हिशोबात जीपीएस अस्थिर असतो आणि तिथं ओसीएक्सओ त्याला हरवतो. दोघांचा संसार म्हणून चांगला चालतो.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, आउटपुट साइन आहे की चौकोनी. चौकोनी असेल तर पुढे फिल्टर लागेल, ते खाली येतंच. दुसरी, आतला ओसीएक्सओ ५ व्होल्टवर चालतो की १२ वर. बॅटरीवर चालवायचं असेल तर ५ चा घ्या, कारण लोडशेडिंगमध्ये १२ व्होल्टची बॅटरी साडेअकराला आली की १२ व्होल्टचा ओसीएक्सओ कुरकुरायला लागतो. तिसरी, स्वस्त मॉड्यूलमध्ये ओसीएक्सओच नसतो. रिसीव्हरच्या चिपमधून थेट १० मेगाहर्ट्‌झ काढून दिलेले असतात. सरासरी बरोबर येते, पण त्या सिग्नलच्या कडा थरथरतात. काउंटरला ते चालेल, १० गिगाहर्ट्‌झच्या कामाला अजिबात नाही.

हे सगळं दुकानात बघून घ्यायची सोय आपल्याकडे कमी. मी ऑनलाइन मागवतो, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघतो, सकाळी मुंबईत उतरून लॅमिंग्टन रोड धुंडाळतो आणि रात्रीच्या गाडीनं परत. एका दिवसात सगळं सामान होतं.

थेट जोडलं तर काय बिघडतं

नवखा माणूस पहिल्यांदा काय करतो? जीपीएसडीओच्या तोंडाला बीएनसीचा टी लावतो, त्याला दुसरा टी, आणि तीन यंत्रं एकाच तारेवर लटकवतो. मीही तेच केलं होतं. शेतात एका पाइपला तीन तोट्या काढल्या आणि शेजाऱ्यानं आपली तोटी उघडली की आपल्या वाफ्यात पाणी रडत येतं, तसं होतं. प्रत्येक इनपुट ५० ओमचं, तिन्ही समांतर आले की १७ ओमच्या आत. पातळी पडते, परावर्तन होतं, आणि मधल्या यंत्राची केबल काढली की बाकीच्यांचा सिग्नल जागचा हलतो.

दुसरा मार्ग साखळीचा: पहिल्या यंत्राच्या ‘रेफ आउट’मधून दुसऱ्याच्या ‘रेफ इन’ला, दुसऱ्यातून तिसऱ्याला. दोन यंत्रांपुरतं ठीक आहे. तिसऱ्यापासून प्रत्येकाची घाण पुढच्याच्या वाट्याला येते, आणि मधलं बंद केलं की पुढचे सगळे उपाशी.

तिसरा मार्ग केबल टीव्हीवाल्याचा स्प्लिटर. तो ५ मेगाहर्ट्‌झपासून पुढे चालतो, म्हणजे आपला सिग्नल जातो. पण तो ७५ ओमचा, आणि एका तोंडापासून दुसऱ्या तोंडाचं आयसोलेशन, म्हणजे एकाचं दुसऱ्याला ऐकू न जाणं, साधारण २० डीबीच. केबलवाल्याचा बूस्टर तर आणूच नका. तो साधारण ४५ मेगाहर्ट्‌झच्या खाली काही जाऊच देत नाही.

२० डीबी आयसोलेशन म्हणजे नेमकं किती वाईट, ते एकदा आकड्यात बघा. एका तोंडावर काही उचकलं की त्याचा दहावा हिस्सा दुसऱ्या तोंडावर पोचतो. वाईटात वाईट वेळी फेज ०.१ रेडियननं सरकतो, आणि १० मेगाहर्ट्‌झवर ०.१ रेडियन म्हणजे सुमारे १.६ नॅनोसेकंद. ४० डीबी असेल तर १६० पिकोसेकंद, ६० डीबीला १६. माझ्या मते घरच्या बेंचला ६० डीबी ही रेघ धरावी. त्याच्या खाली असलेलं काहीही ‘वाटप’ म्हणवून घ्यायच्या लायकीचं नाही.

माझ्याकडे हा धडा एका जुन्या काउंटरनं दिला. दोन रात्री मी जनरेटरमधला एक स्पर, म्हणजे नको असलेला सूर, शोधत होतो. तो कधी असायचा, कधी नसायचा. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की काउंटरचं गेट, म्हणजे मोजणीची खिडकी, उघडलं की स्पर येतो, मिटलं की जातो. काउंटरच्या आतल्या डिजिटल सर्किटचा गोंगाट त्याच्या ‘रेफ इन’मधून उलटा बाहेर पडत होता, स्प्लिटर ओलांडून जनरेटरच्या पोटात शिरत होता. जनरेटर मी उगाच खोलून बसलो होतो.

‘लो-नॉइज’ या शब्दाचा घोळ

दुकानात एलएनए, म्हणजे लो-नॉइज ॲम्प्लिफायर, मागितला की अँटेनाच्या मागे लावायचा छोटा डबा हातात पडतो. नॉइज फिगर अर्धा-एक डीबी, गेन २० डीबी, किंमतही बरी. आपल्याला तो नको. तो मायक्रोव्होल्टमधला दुबळा सिग्नल उचलायला बनवलेला. आपल्याकडे जवळजवळ एक व्होल्टचा दणदणीत सिग्नल आहे. तो त्यात घातला की एलएनए कोंडतो, सिग्नल चपटा होतो आणि हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, उसळतात.

आपला प्रश्न वेगळा आहे: ॲम्प्लिफायर सिग्नलच्या फेजमध्ये स्वतःचं किती थरथरणं मिसळतो? त्यात दोन भाग. एक सपाट नॉइज, जो कॅरियरपासून, म्हणजे मूळ सुरापासून, लांब दिसतो. दुसरा फ्लिकर, जो कॅरियरला चिकटून असतो. ट्रान्झिस्टरच्या आत अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर होणारी चलबिचल त्याचा फेज थोडाथोडा ढकलत राहते आणि तीच १० मेगाहर्ट्‌झच्या दोन्ही बाजूंना येऊन बसते. डेटाशीटवरच्या नॉइज फिगरमध्ये हा फ्लिकर दिसतच नाही, म्हणून लोक फसतात. या बाबतीत साधा सिलिकॉन बायपोलर ट्रान्झिस्टर गॅलियम आर्सेनाइडच्या महागड्या चिपपेक्षा सहसा सरस ठरतो. एमिटरला थोडा रेझिस्टर बायपास न करता ठेवून निगेटिव्ह फीडबॅक दिला तर फ्लिकर आणखी खाली जातो. दोन-दोन रुपयांचे २एन३९०४ कॉमन-बेस पद्धतीनं एकामागे एक लावून केलेले आयसोलेशन ॲम्प्लिफायर भल्याभल्या चिपांना ऐकत नाहीत.

एवढी काळजी कशाला, याचं उत्तर गुणाकारात आहे. १० मेगाहर्ट्‌झवरून १० गिगाहर्ट्‌झ बनवले की फ्रिक्वेन्सी हजारपट होते आणि फेज नॉइज ६० डीबीनं वाढतो. १० मेगाहर्ट्‌झवर कॅरियरच्या १०० डीबी खाली बसलेला ५० हर्ट्‌झचा हम तिथं फक्त ४० डीबी खाली उरतो. तो कानानं ऐकू येतो, सूर घोगरा होतो. क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा ट्रान्सपॉन्डर असलेला उपग्रह आपल्याकडून पश्चिमेला क्षितिजावर सुमारे ३० अंशांवर दिसतो आणि त्याचा सिग्नल १०४८९ मेगाहर्ट्‌झच्या वर उतरतो. त्याचा बीकन, म्हणजे कायम चालू असलेला खुणेचा सिग्नल, घरच्या रेफरन्सवर ऐकताना मला माझ्या पॉवर सप्लायची घरघर पहिल्यांदा कळली. स्कोपवर तोच १० मेगाहर्ट्‌झ दृष्ट लागावी इतका सुंदर दिसत होता.

हा नुसता हौशी लोकांचा प्रश्न नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. अमेरिकेतल्या लायगोमध्ये लेझरवर ९.१ आणि ४५.५ मेगाहर्ट्‌झचं मॉड्युलेशन चढवतात आणि तो आरएफ सिग्नल वेगवेगळ्या रॅकपर्यंत वाटावा लागतो. तिथली मोजपट्टी प्रोटॉनच्याही आत जाते, आपली काउंटरपर्यंत. पण एकाचा गोंगाट दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये ही चिंता दोन्हीकडे तीच.

सर्किट

बनवायच्या आधी एक सोपी पळवाट सांगतो. जुन्या स्टुडिओतून किंवा केबलच्या हेड-एंडमधून निघालेला ॲनालॉग व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर भंगारात मिळाला तर उचला. आता त्याला कुणी विचारत नाही. तो ७५ ओमचा असला तरी १० मेगाहर्ट्‌झ आरामात वाहून नेतो. इनपुट एक व्होल्ट पीक-टु-पीकच्या आसपास ठेवा, जास्त दिलंत तर तो छाटेल. काउंटर आणि जनरेटरचं भांडण मिटवायला एवढं पुरतं. बरेच जण इथंच थांबतात आणि त्यात काही चूक नाही.

स्वतः बनवायचा असेल तर मी नवख्यांना ट्रान्झिस्टरऐवजी वेगवान ऑप-ॲम्पनं सुरुवात करायला सांगतो. एडी८०५५ घ्या. त्याचा जोडभाऊ एडी८०५६ एकाच चिपमध्ये दोन ॲम्प्लिफायर देतो, पण दोघं एकाच घरात राहिले की एकमेकांचं ऐकणारच. आयसोलेशनसाठी एका चिपमध्ये एकच बरा.

आत येताना सिग्नल आधी एका १:१ ट्रान्सफॉर्मरमधून घ्या. एफटी३७-४३ फेराइट रिंगवर एनॅमल तारेचे १० वेढे एका बाजूला, १० दुसऱ्या बाजूला; दोन्ही एकमेकांत गुंतवू नका. त्यानं स्रोताचं ग्राउंड आणि तुमच्या डब्याचं ग्राउंड वेगळं राहतं. मग फिल्टर: २२० पिकोफॅरड जमिनीला, १ मायक्रोहेन्री मालिकेत, पुन्हा २२० पिकोफॅरड जमिनीला. याचा कट-ऑफ १५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास येतो. आपल्या सिग्नलचं नुकसान अर्ध्या डीबीच्या आत, आणि तिसरा हार्मोनिक १८ डीबीनं दबतो. १ मायक्रोहेन्रीसाठी टी३७-६ या पिवळ्या रिंगवर १८ वेढे. कपॅसिटर सीओजी प्रकारचेच. एक्स७आर स्वस्त असतात, पण गरमीनं त्यांची किंमत हलते, ठोकलं तर ते आवाज पकडतात, आणि दोन्ही गोष्टी थेट फेजमध्ये उतरतात. फिल्टर आणखी धारदार करायचा मोह आवरा. जितका टोकदार, तितका तो तापमानाबरोबर फेज सरकवतो.

स्रोत ३.३ व्होल्टचा चौकोनी आणि ५० ओमच्या सोर्सचा असेल तर ५० ओमच्या भारावर त्याचा मूळ सूर ०.७४ व्होल्ट आरएमएस, म्हणजे १० डीबीएमच्या जरा वर निघतो. फिल्टरनंतर जवळपास तेवढाच साइन हातात येतो. स्रोत १३ डीबीएमचा असेल तर आधी ३ डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारं रेझिस्टरांचं जाळं, टाका: ३०० ओम, १८ ओम, ३०० ओम.

फिल्टरनंतर ५१ ओम जमिनीला, आणि तिथून १० नॅनोफॅरड आणि १० किलो-ओमचा अर्ध्या व्होल्टेजचा बायस लावून पहिला एडी८०५५ गेन एकचा बफर म्हणून. त्याच्या आउटपुटपासून एक आखूड, जाड पट्टी. तीच आपली मुख्य चारी. तिच्यातून सहा चॅनेल फुटतात. प्रत्येक चॅनेलला आधी १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पुढे १० किलो-ओमनं अर्ध्या व्होल्टेजचा बायस, मग मालिकेत ४७ ओम आणि चिपचं नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट. फीडबॅकचे दोन्ही रेझिस्टर ३९० ओमचे, म्हणजे गेन दोन; खालच्या रेझिस्टरला जमिनीकडे जाताना १०० नॅनोफॅरड. आउटपुटला ५० ओम मालिकेत, मग डीसी अडवायला १०० नॅनोफॅरड, मग पुन्हा तसाच १:१ ट्रान्सफॉर्मर, आणि मग बीएनसी. गेन दोन, पण त्यातला निम्मा ५० ओमवर खर्ची पडतो. म्हणजे जेवढं आत तेवढंच प्रत्येक तोंडाला बाहेर. यात वाढवण्यासारखं काहीच नाही. हा ॲम्प्लिफायर म्हणजे चारीवर दारं धरायला उभा केलेला माणूस.

पातळी किती ठेवायची? बऱ्याच यंत्रांना १३ डीबीएम, म्हणजे ५० ओमवर एक व्होल्ट आरएमएस, आवडतं. तेवढं द्यायला ऑप-ॲम्पला आतून २.८ व्होल्टचं शिखर गाठावं लागतं, आणि ९ व्होल्टच्या सप्लायवर एडी८०५५ ला ते जमत नाही. मी १० डीबीएमवर समाधान मानतो. शिखर २ व्होल्ट, स्लू रेट, म्हणजे आउटपुट चढण्या-उतरण्याचा वेग, सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात सव्वाशे व्होल्टच्या आसपास. या चिपला तो हातचा मळ. सप्लाय ९ चाच का, ते पुढे सांगतो.

एका चॅनेलचा सपाट नॉइज किती ते कागदावर काढून बघितलं. चिपचा नॉइज रूट-हर्ट्‌झला ६ नॅनोव्होल्ट, गेन दोन, रेझिस्टरांचा थोडा वाटा धरून आउटपुटला साडेबारा; समोर सिग्नल १.४१ व्होल्ट. हिशोब येतो कॅरियरच्या १६४ डीबी खाली. बाजारातल्या साध्या ओसीएक्सओच्या बरोबरीचं हे आहे. अव्वल ओसीएक्सओ याच्याही दहा-एक डीबी खाली असतो. तो तुमच्या हाती लागला असेल तर मात्र ट्रान्झिस्टरच्या वाटेला जा.

७४एसी०४ सारख्या लॉजिक चिपनंही वाटप करता येतं, स्वस्तही पडतं. पण सप्लायवरची प्रत्येक लहर त्याच्या कडा पुढे-मागे करते. मला तो मार्ग फारसा पटला नाही.

वीज

चांगल्या रचनेची माती बहुतेक वेळा इथं होते. मोबाइलचा चार्जर लावू नका, एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्टचा सप्लायही नको. इन्व्हर्टरवर घर चालत असेल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यापासून शक्य तितकं लांब.

माझी व्यवस्था अशी: १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, तिला कायम १३.६ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवणारा साधा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर, आणि बॅटरीपुढे एलएम३१७ लावून ९ व्होल्ट. वीज गेल्यावर बॅटरी साडेअकराला उतरली तरी एलएम३१७ ला लागणारे दोन-अडीच व्होल्ट शिल्लक राहतात. रेग्युलेटर १२ चा लावला असता तर वीज गेल्याबरोबर तो आपलं काम सोडून बॅटरीची प्रत्येक लहर पुढे ढकलायला लागला असता. ९ व्होल्टचं कारण हे. एलएम३१७ च्या ॲडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरड जमिनीला लावलाच पाहिजे, त्यानं रिपल बराच मरतो. ज्यांचा हात सैल आहे त्यांनी एलटी३०४५ वापरावा. त्याचा नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट.

त्यापुढे प्रत्येक चॅनेलला वेगळे १० ओम आणि १०० मायक्रोफॅरड, शिवाय चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरड. ही कंजुषी करायची जागा नव्हे. सहाही चॅनेल एकाच सप्लायवर उघडे सोडले तर इनपुटकडून अडवलेला गोंगाट सप्लायच्या वाटेनं फिरून येतो. चॅनेलमागे १२ मिलिअँपिअर धरा, म्हणजे सगळं मिळून शंभराच्या आत. जीपीएसडीओचे साडेतीनशे मिलिअँपिअर मिळवले तरी नवी बॅटरी आठ-दहा तास सहज काढते. ओसीएक्सओ थंड होऊ देऊ नका. तो पाच-दहा मिनिटांत गरम होतो, पण नीट स्थिरावायला काही तास, कधी दिवस घेतो.

डबा, ग्राउंड आणि आपली माती

डबा ॲल्युमिनिअमचा, ओतीव असेल तर उत्तम. इनपुटचा बीएनसी डब्याला थेट लावू नका, प्लास्टिकच्या बुशातून वेगळा ठेवा; आउटपुटचेही तसेच. प्रत्येक बीएनसीच्या कवचापासून डब्याला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १० मेगाहर्ट्‌झसाठी कवच जमिनीला राहतं आणि ५० हर्ट्‌झसाठी तुटलेलं. ग्राउंड लूप इथं मोडतो. शेजारच्या बोअरची मोटर सुरू झाली की स्पेक्ट्रममध्ये कॅरियरच्या दोन्ही बाजूंना ५० आणि १०० हर्ट्‌झवर कोंब फुटतात, ते या एका बदलानं माझ्याकडे जवळजवळ गेले.

अर्थिंग मात्र नीट हवं, आणि आपल्याकडे ते ऋतूप्रमाणे बदलतं. काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची पकड सुटते आणि रोध वाढतो. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत चला. टंचाईच्या दिवसांत घरचे ओरडतात. भांडी धुतलेलं पाणी ओता, चालतं.

गरमीचं म्हणाल तर भट्टीतल्या क्रिस्टलला ४२ अंशांची फिकीर नसते. पत्र्याच्या शेडमध्ये बंद कपाट मात्र साठच्या वर जातं, तिथं भट्टीच्या आतलं-बाहेरचं अंतर कमी पडून ताबा सुटू शकतो. आणि कूलरचा झोत जीपीएसडीओवर कधी येऊ देऊ नका. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर ओसीएक्सओ हेलकावतो. मी त्यावर थर्माकोलचं खोकं उलटं घालतो, हवा जायला फट ठेवून.

केबल

आरजी-५८ पुरे. १० मेगाहर्ट्‌झवर वीस मीटरला सुमारे एक डीबी खाते. सिग्नल तिच्यातून मीटरला ५ नॅनोसेकंद वेळ घेतो आणि उन्हानं हा वेळ थोडा बदलतो. अंशाला दहा लाखांत शंभर भाग बदल धरला तरी वीस मीटर केबल वीस अंश तापल्यावर ०.२ नॅनोसेकंद सरकते, तीही सहा तासांत. फ्रिक्वेन्सीत याचा परिणाम शंभर लाख कोटींत एक भाग. विसरून जा. फेज जुळवायची असेल तरच मनावर घ्या, आणि मग टेफ्लॉनची केबल बघून घ्या. तिचा फेज २० अंश तापमानाच्या आसपास विचित्र वाकतो. कनेक्टर मात्र क्रिम्पचे, नीट आवळलेले. सैल बीएनसी हातानं हलवला आणि जनरेटरचा लॉकचा दिवा लुकलुकला, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आधी तेच तपासतो.

जोडायच्या आधी तपासणी

यंत्रं लगेच जोडू नका. सहाही तोंडांना ५० ओमचे टर्मिनेटर लावा आणि स्कोपवर एकेक बघा: ५० ओमवर २ व्होल्ट पीक-टु-पीक, दोन्ही अर्धुकं सारखी. एखाद्या तोंडावर सिग्नल जाडसर, केसाळ दिसला तर ती चिप स्वतःच दुसऱ्या कुठल्या फ्रिक्वेन्सीला गातेय. डीकपलिंग कपॅसिटरच्या तारा आखूड करा.

मग नॅनोव्हीएनए, म्हणजे हातात मावणारा नेटवर्क ॲनलायझर, काढा. आजकाल तो कॉलेजच्या पोरांकडेही असतो. आउटपुट १ मध्ये सिग्नल घाला, आउटपुट २ मध्ये ऐका, ८ ते १२ मेगाहर्ट्‌झ. पुढे आउटपुटमध्ये घाला आणि इनपुटवर ऐका. रेघ उणे ६० डीबीच्या खाली गेली तर पास. नॅनोव्हीएनएची स्वतःचीच नजर सत्तरच्या आसपास संपते, त्यामुळे ‘माझं १०० डीबी आलं’ असं कुणाला सांगत फिरू नका. हे करताना जीपीएसडीओ काढून इनपुटला ५० ओम लावा, नाहीतर त्याचाच १० मेगाहर्ट्‌झ मधोमध उभा राहील.

घरगुती परीक्षा आणखी सोपी: स्कोपच्या एका चॅनेलला जीपीएसडीओ, दुसऱ्याला आउटपुट २. आउटपुट १ वर शॉर्ट करा, उघडं सोडा, पुन्हा शॉर्ट. आउटपुट २ ची रेघ तसूभरही हलता कामा नये.

दोन वेगळ्या स्रोतांची तुलना करायची असेल तर स्कोप एक्स-वाय मोडवर टाका. लिसाजूची आकृती हळूहळू कूस बदलते. एक पूर्ण फेरा म्हणजे १०० नॅनोसेकंदांची घसरण. फेऱ्याला हजार सेकंद लागले तर दोघांत हजार कोटींत एक भाग फरक. घड्याळ आणि वही एवढ्यावर होणारी ही मोजणी मला आजही सगळ्यात विश्वासाची वाटते. वाळूजमधल्या कुणाला ग्राहकासाठी रीतसर प्रमाणपत्र द्यायचं असेल तर मात्र हे पुरत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाणारी साखळी लागते.

आता यंत्रं एकेक करून जोडा, सगळी एकदम नको. प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात ‘रेफ इन’ किती व्होल्ट सोसतो ते आधी वाचा. काहींचं इनपुट ५० ओमचं नसतं, हजार ओमचं असतं. तिथं टी आणि टर्मिनेटर लावा. मेनूत जाऊन बाहेरचा रेफरन्स निवडावा लागतो हे पुष्कळ जण विसरतात आणि मग ॲम्प्लिफायरला शिव्या देतात. रिकाम्या राहिलेल्या तोंडांवर ५० ओमच्या टोप्या तशाच राहू द्या.

गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाला आकाश मोकळं हवं, केबल घरात शिरते तिथं गॅस ट्यूबचा अरेस्टर हवा, आणि तो अरेस्टर थेट अर्थिंगला. तरीही जूनच्या तोंडाशी किंवा परतीच्या पावसात पश्चिमेकडे गडगडायला लागलं की मी केबल काढून खिडकीबाहेर टाकतो. जीपीएसडीओ होल्डओव्हरवर जातो, म्हणजे जीपीएसशिवाय नुसत्या स्वतःच्या क्रिस्टलवर चालतो. रात्रभर स्थिरावलेला बरा ओसीएक्सओ सकाळपर्यंत हजार कोटींत एक-दोन भागांपेक्षा फारसा भटकत नाही. सकाळी केबल जोडायची, आणि लॉकचा दिवा हिरवा होईपर्यंत चहा.